कारण: कंबरदुखी

पत्र लिहिणे हे निम्मे काम असते. उरलेले निम्मे म्हणजे पोच. महापालिकेत अर्ज द्यायचा झाला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का पडेपर्यंत मी आवक विभागाच्या खिडकीसमोरून हलत नाही. "आजोबा, ठेवून जा, साहेबांना दाखवतो," असे तिथला कारकून म्हणतो. "साहेबांना सावकाश दाखवा, शिक्का आत्ता मारा," असे मी म्हणतो. माझ्या पाठीमागे त्या कार्यालयात मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. भोसरीच्या टूलरूममधली नोकरी आणि तिच्या जोडीने केलेले कामगार संघटनेचे काम यांनी मला एक शहाणपण निश्चित दिले: जे पत्र पोचले नाही ते कायद्याच्या लेखी लिहिलेच गेले नाही.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, माणसाच्या मेंदूत भीतीचा कारभार कसा चालतो हे एका डॉक्टरीणबाईंनी मला समजावले तेव्हा ते मला समजले ते केवळ या सवयीमुळे. आणि समजल्यावर जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

प्रकरण माझ्या सख्ख्या पुतण्याचे. आम्ही मराठवाड्यातून आलो. माझा भाऊ लवकर गेला आणि हा मुलगा माझ्याच घरात वाढला. आता तो संसारी आहे, कुरुळीत भाड्याने राहतो आणि चाकण पट्ट्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये कामाला आहे. पत्र्याला ठोका मारून गाडीचे भाग घडवणाऱ्या मोठ्या प्रेसवर तिथे दोघे काम करतात. एक जण तयार भाग साच्यातून काढतो आणि नवा पत्रा ठेवतो, दुसरा दोन्ही हातांनी दोन बटणे दाबतो. बटणे दोन अशासाठी की दाबणाऱ्याचे हात साच्याबाहेर राहावेत. समोरच्याच्या हातांची काळजी घ्यायला एक सेन्सर असतो. तो सेन्सर वारंवार मशीन थांबवतो, उत्पादन कमी भरते, म्हणून तो तात्पुरता बंद ठेवला होता. आमच्या औद्योगिक पट्ट्यात 'तात्पुरता' या शब्दाचे वय कुणी विचारू नये.

एका दुपारी पुतण्याने बटणे दाबली, प्रेस पडली, वर गेली, आणि कुणी न सांगता पुन्हा एकदा पडली. समोरच्या जोडीदाराची दोन बोटे गेली.

पुतण्याला खरचटलेसुद्धा नाही. अहवालात त्याच्यावर ठपका नव्हता, दोष मशीनचा होता. काही दिवस तो नेमाने कामावर गेला. मग एक दिवस गेटपर्यंत जाऊन परत आला, दुसऱ्या दिवशी बसथांब्यावरून परत आला आणि पुढे घरातूनच निघेनासा झाला. कंपनीत त्याने डॉक्टरांचे प्रमाणपत्र धाडले. कारण: कंबरदुखी.

इथे बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. या पट्ट्यात कंबरदुखी हा आजार नाही, ती एक रीत आहे. गावी वाटणीचा तंटा असो, बायकोचे बाळंतपण असो, फोरमनशी वाजलेले असो, कामगाराची कंबर दुखते. कंबर रक्तात दिसत नाही, साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. ती दुखत नाही हे कुणाला सिद्ध करता येत नाही. गेटजवळचा डॉक्टर मान वर न करता प्रमाणपत्र लिहितो आणि कंपनीचे हजेरी ठेवणारे टाइम ऑफिस मान वर न करता ते फायलीला लावते. दोन्ही पक्षांच्या संमतीने चालणारी ही एक लबाडी आहे, आणि ज्या व्यवस्थेत खरे कारण लिहायला रकानाच नाही तिथे माणसे दुसरे काय करणार, असे माझे मत होते आणि आहे.

पण रीत पाळायची तर पुरती पाळावी लागते. कुरुळीत भाडेकरूने खोली बदलली की शेजारपाजारचे पुरुष सामान हलवायला लागतात. न बोलावता येतात आणि चहावर फिटतात. शेजाऱ्याने खोली बदलली तेव्हा पुतण्याने त्याचा फ्रिज पाठीवर घेऊन दोन मजले चढवला. कुणीतरी गमतीने मोबाइलवर चित्रण केले, हसऱ्या चेहऱ्यांसह स्टेटसला ठेवले, आणि ते फिरत फिरत कंपनीच्या एच.आर. अधिकाऱ्याकडे पोचले. त्या चित्रणाला पोचायला शिक्का लागला नाही.

आरोपपत्र आले. विनापरवाना गैरहजेरी आणि खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र. दुसरा आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाते. पुतण्या ते घेऊन रहाटणीला माझ्या घरी आला, चौथ्या मजल्यावर. मी लाल पेन्सिल घेऊन लगेच बसलो. आरोपपत्र इंग्रजीत होते आणि कामगार मराठी वाचणारा, हा पहिला मुद्दा. त्यावर सही करणाऱ्याला तसा अधिकार होता की नाही, हा दुसरा. मी खूश होत चाललो होतो हे कबूल करायला हवे.

पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अहो, कागद कुठं पळून जात नाहीत. कंबर दुखणारा माणूस चार जिने चढून आलाय, ते बघा आधी."

मी पाहिले. त्याचा सदरा घामाने भिजला होता.

"लिफ्ट बंद आहे का रे?" मी विचारले.

"चालू आहे."

"मग?"

तो पाणी पीत राहिला. शेवटी माझ्याकडे न बघता काकूकडे बघून म्हणाला, "काकू, बटण दाबवत नाही."

मग हळूहळू बाकीचे बाहेर आले, तेही त्याच्याकडून कमी आणि सूनबाईकडून जास्त. दुसऱ्या दिवशी ती एकटी आली होती. "कुकरची शिट्टी सुटायच्या आधी ती जरा हलते ना काका, तेवढ्यानंच हे गॅलरीत जाऊन उभे राहतात. मी आता वरण पातेल्यात शिजवते. शेजारणी विचारतात, कुकर बिघडला का? मी हो म्हणते." तिने हे रडत सांगितले नाही. घरातली एक नवी व्यवस्था सांगावी तसे सांगितले, आणि त्यामुळेच ते मला सहन झाले नाही.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला तो तयार नव्हता. "मला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेताय? कंपनीत कळलं तर जन्मभराचा शिक्का बसेल." मी म्हटले, "उपचारासाठी नाही, पुराव्यासाठी चल." हे वाक्य त्या वेळी मला चतुर वाटले होते.

काळेवाडीतल्या त्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी पुतण्याला आधी एकट्याला आत घेतले, बराच वेळ. नंतर मला बोलावले. मी प्रस्तावना न करता मुद्द्यावर आलो. "घाबरल्यावर शरीरात कसलेसे संप्रेरक वाढते ना? ते रक्तात मोजता येते ना? मग मोजा आणि आकडा लिहून द्या. आकड्यापुढे चौकशी अधिकारी गप्प बसतो."

"कॉर्टिसॉल," त्या म्हणाल्या. "मोजता येतं. पण तुमच्या उपयोगाचं नाही काका."

"का नाही?"

त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे डोके काढले, डोक्यात बदामाएवढे एक टिंब काढले. धोका ओळखणारा भाग तो, म्हणाल्या. तिथून मेंदूच्या तळाशी निरोप जातो, तिथून त्याखालच्या लहानशा ग्रंथीला आणि तिथून रक्तावाटे थेट मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ग्रंथींना. त्या कॉर्टिसॉल सोडतात. शरीर लढायला किंवा पळायला तयार होते. "इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच. आता गंमत पुढं. हेच कॉर्टिसॉल रक्तातून परत मेंदूत जातं आणि सांगतं, मी आलोय, आता पुरे, आता नवीन मागवू नका. पण हे ऐकायला मेंदूत कुणीतरी लागतं. त्यांना ग्राही म्हणतात. पेशींमध्ये असतात. संप्रेरक त्यांना चिकटलं तरच निरोप पोचला. नाहीतर रक्तात कितीही फिरू दे."

मी म्हटले, "म्हणजे आवक विभागाची खिडकी."

"तसं म्हणा," त्या म्हणाल्या. "आणि त्या खिडक्या दोन प्रकारच्या. एक रोजच्या कामाची, थोड्याशा कॉर्टिसॉललाही उघडी असते. दुसरी पूर आल्यावर कामाला लागते, आणि थांबा म्हणायचं काम बरंचसं तिचं. कुणाकडे या खिडक्या किती, कुठं, किती तिखट कानाच्या, हे प्रत्येकाचं वेगळं. जन्मानं थोडं, लहानपणी काय सोसलं त्यानं थोडं, पुढं काय सोसलं त्यानं थोडं. फार काळ ताण राहिला तर काहींच्या खिडक्या बधिर होतात, ग्रंथी आपली पाठवतच राहते. आणि अशा एखाद्या प्रसंगानंतर काहींचं उलटं होतं, खिडकी फारच तिखट होते, रक्तातलं कॉर्टिसॉल कमीच दिसतं आणि बदाम मात्र ओरडत असतो. शास्त्रज्ञांचं यावर अजून एकमत नाही. म्हणून सांगते, रक्तातला आकडा म्हणजे किती पत्रं टाकली ते. किती पोचली ते नाही."

त्या खोलीत मला जे वाटले त्याला समाधान म्हणता येणार नाही. आयुष्यभर मी ज्या एका गोष्टीसाठी खिडक्यांशी भांडत आलो, तीच या माणसाच्या कवटीत बिघडलेली होती, आणि तिथे मला दुसरी प्रत घेऊन उभे राहता येत नव्हते.

"मग पुरावा काय?" मी विचारले.

"तो सांगतो ते," त्या म्हणाल्या. "आमच्या शास्त्रात अजून तरी त्याला पर्याय नाही. मी उपचार चालू असल्याचं लिहून देईन. पण काय होतं ते त्यालाच सांगावं लागेल." मग त्यांनी माझा रक्तदाब घेतला, मी न मागता. पट्टा सोडताना म्हणाल्या, "तुमचा राग आणि त्याची भीती एकाच कचेरीतून निघतात काका. फक्त दारं वेगळी."

सूनबाईला त्यांनी निरोप दिला होता की, कुकर कायमचा काढून ठेवू नका. ते घरात असताना, आधी सांगून, थोडा वेळ लावा. भीती टाळून कमी होत नाही. ती आली, वाढली आणि तिने काही बिघडवले नाही, हे मेंदूला पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

परतीच्या रिक्षात पुतण्याने स्पष्ट सांगितले. "काका, हे सर्टिफिकेट फायलीत दाखवायचं नाही. कंबरच राहू दे. तुम्ही मुद्द्यांवर सोडवा." मी मान्य केले. खरे सांगायचे तर मुद्द्यांवर सोडवणे मला जमण्यासारखे होते.

चौकशी कंपनीच्याच प्रशिक्षण खोलीत झाली. संघटनेचा पदाधिकारी म्हणून मला बचाव प्रतिनिधी होता आले. गेटातून आत शिरल्यावर पायाखालची फरशी ठोक्यागणिक हलत होती. मला ते जाणवायला वेळ लागला, पुतण्याला लागला नाही. त्याने माझी बाही धरली आणि खोलीत जाईपर्यंत सोडली नाही. तो लहानपणीही रस्ता ओलांडताना हात न धरता बाहीच धरत असे.

चौकशी अधिकारी हे कंपनीने नेमलेले वकील, वागायला अतिशय सभ्य. एच.आर. अधिकारी तरुण, लॅपटॉपवर फ्रिजचे चित्रण लावून बसलेला. मी माझे पहिले तीन आक्षेप नोंदवले. वकीलसाहेबांनी तिन्ही वेळा चष्मा काढला, हे चांगले चिन्ह होते. मग एच.आर.ने आपला साक्षीदार बोलावला, आणि तो होता बोटे गेलेला जोडीदार.

त्याला का बोलावले हे उघड होते. कुरुळीच्या जुन्या शेतकरी घरातला तो गडी, जखम भरल्यावर पुन्हा कामावर रुजू झाला होता. ज्याची बोटे गेली तो हजर, आणि ज्याला ओरखडाही नाही तो गैरहजर. एवढेच दाखवायचे होते.

"आपण अपघातानंतर कामावर परत आलात?" एच.आर.ने विचारले.

"व्हय."

"त्रास झाला नाही?"

"झाला की. पन घरी बसून काय, म्हातारी दिवसभर इचारती, बरं हाय का, बरं हाय का. त्यापरीस कंपनी बरी." वकीलसाहेब हसले. तो पुतण्याकडे वळून म्हणाला, "आन भावा, तुझी कंबर लय नाजूक झाली म्हनं. फिरीज तेवढा चालतो तिला."

खोलीत हशा झाला. पुतण्याही खाली बघून हसला. माझा उलटतपासणीचा कागद तयार होता. या साक्षीदाराला नवे काम हलके मिळाले आहे, भरपाईचा दावा चालू असल्यामुळे तो कंपनीच्या दबावाखाली आहे, असे प्रश्न मी एकाखाली एक लिहून आणले होते. ते विचारले असते तर तो मोडला असता.

मी पहिला प्रश्न साधा विचारला, केवळ सुरुवात म्हणून. "प्रेस दुसऱ्यांदा पडली तेव्हा आपण काय पाहिले?"

"म्या? काय बी न्हाई," तो म्हणाला. "माझं डोळं मिटलं. आन उघडलं ते दवाखान्यात. बघितलं त्ये ह्यानं." त्याने उरलेल्या बोटांनी पुतण्याकडे दाखवले. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "बटनावर हात ह्याचं हुतं. मी तवापास्नं एकदा बी ते बघितलेलं न्हाई. ह्यो रोज बघत असंल."

मी पुढचा प्रश्न विचारला नाही. वकीलसाहेबांनी लिहिणे थांबवले होते. बाहेर ठोके पडत होते.

पुतण्या उभा राहिला. मी त्याला बसायची खूण केली. बचावाच्या दृष्टीने ते योग्य नव्हते. तो म्हणाला, "साहेब, माझी कंबर दुखत नाही. कधीच दुखत नव्हती. मला भीती वाटते. बटण दाबलं की परत पडेल असं वाटतं. काकांच्या इमारतीतल्या लिफ्टचं पण दाबवत नाही. म्हणून मी येत नव्हतो."

"म्हणजे प्रमाणपत्र खोटं होतं?" एच.आर. लगेच म्हणाला.

"हो. ते खोटं होतं. हे खरं आहे."

मी फाइल उघडून डॉक्टरीणबाईंचे पत्र टेबलावर ठेवले. पुतण्याने या वेळी हरकत घेतली नाही. माझे तीनही आक्षेप त्याच्या एवढ्याशा बोलण्याने निरर्थक झाले होते. आरोप आता कबूल होता.

निकालाने नोकरी गेली नाही. जोडीदाराची साक्ष आणि ते पत्र यांचा काहीतरी परिणाम झाला असावा. लेखी ताकीद, गैरहजेरीचा काळ बिनपगारी, आणि बदली माल पाठवणाऱ्या विभागात, जिथे बटणे नाहीत. पण आदेशात एक वाक्य आहे, आणि ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे: 'गैरहजेरीस कोणतेही ग्राह्य वैद्यकीय कारण आढळून येत नाही.'

दोन बोटे गेली तर कायद्याकडे त्याचे कोष्टक आहे. कोणत्या बोटाला किती, कोणत्या पेराला किती. जे मेंदूत तुटते त्यासाठी आमच्या प्रमाणपत्रांत, रजेच्या अर्जांत, आरोपपत्रांत रकाना नाही. कायद्यात कुठेतरी शब्द असतीलही, मी ते शोधून काढीन. पण शॉप फ्लोअरवर त्यांना खिडकी नाही. म्हणून हजारो धडधाकट माणसांच्या कंबरा दुखतात. सेन्सर बंद कुणी ठेवला, याची चौकशी झाली नाही. खोटे कोण बोलले, याची झाली. याला न्याय म्हणायचे असेल तर माझी हरकत नोंदवून घ्यावी.

मी अपील लिहायला घेतले. पुतण्या म्हणाला, "जाऊ द्या ना काका, नोकरी आहे." मी म्हटले, "नोकरी तुझी आहे, वाक्य माझे आहे." काकू हसली. दोन दिवसांनी त्याने कच्चा मसुदा मागून घेतला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून वाचला. त्या दिवशीही तो जिन्यानेच आला होता. एका ओळीवर त्याचे बोट थांबले. 'सदर कामगार अपघातोत्तर मानसिक आघाताने ग्रस्त असल्याकारणाने', असे मी लिहिले होते.

"हे नको. भीती लिहा."

"भीती हा अपिलात शोभणारा शब्द नाही."

"मी तिथं तोच बोललोय. कागदावर दुसरा आला तर म्हणतील, याचं कारण परत बदललं."

कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर होता. जबानी आणि अर्ज यांत फरक असू नये, हे त्याला मीच कधीतरी शिकवले असणार. मी ओळ खोडली.

अपील द्यायला आम्ही दोघे गेलो. कंपनीच्या गेटजवळ आवक-जावकची एक लहानशी खिडकी आहे. मी दोन्ही प्रती आत सरकवल्या आणि नेहमीप्रमाणे उभा राहिलो. पुतण्या माझ्या शेजारी होता. आतल्या माणसाने शिक्का शाईत बुडवला आणि पहिल्या प्रतीवर मारला. शिक्क्याला एवढा मोठा आवाज असतो हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते.

पुतण्याचे खांदे उडाले. कारकुनाने खिडकीतून पाहिले.

"काय झालं भाऊ?"

"काही नाही," तो म्हणाला. मग शिक्क्याकडे बघत म्हणाला, "दचकलो."

"अजून एक मारायचाय. दुसऱ्या प्रतीवर."

"मारा," पुतण्या म्हणाला, आणि खिडकीपाशीच उभा राहिला.